वरच्या रॅकचं पाणी

पाथर्डी फाट्याच्या पुढे, सातवा मजला.
कुलथे बाई दारातच म्हणाल्या,
खालची भांडी लख्ख, वरचे ग्लास तसेच.
एक ग्लास माझ्या डोळ्यांसमोर धरला.
तळाशी कालच्या वरणाची पिवळी कड.

मी मशीनला हात लावला नाही लगेच.
दोन वाट्या मागितल्या, एका मापाच्या.
एक खाली ठेवली, एक वर, दोन्ही उताण्या.
अशा ठेवतात का कोणी, बाई म्हणाल्या.
मोजायला ठेवतात.
दार लावलं. सात मिनिटं.

सात मिनिटांत बाईंनी सांगितलं
की मशीन मुलानं घेऊन दिलंय, हप्ते अजून चालू,
की सोसायटीवाले टाकीत बोअरचं पाणी मिसळतात,
की जेलरोडला होतो तेव्हा बरं होतं,
की ही सुगंधा रॅक अशी ओढते
जशी नांगराला जुंपलीय.
ओट्यापाशी सुगंधानं फडकं पुन्हा पिळलं.
त्यात पाणी उरलं नव्हतं.

दार उघडलं. वाफ. चष्मा गेला.
खालची वाटी काठोकाठ.
वरचीत चमचाभर, फार तर दीड.

माझे वडील पाटकरी होते, डाव्या कालव्याला.
हेडला ऊस डोलायचा, टेलला मेथी जळायची,
आणि ऑफिसातल्या कागदावर पाणी दोघांनाही पोचलेलं.
रात्री दोनला बॅटरी अन् फावडं घेऊन
ते चारीनं उलटे चालायचे, टेलकडून वर.
हेडकडून निघालं, म्हणायचे, की समदं ठीकच दिसतं.

मीही वरूनच, म्हणजे टेलकडूनच, सुरुवात केली.
वरचा पंखा दोन आट्यांत हातात आला.
भोकांत मोहरी. एकात लिंबाची बी.
एकात द्राक्षाच्या पेटीवरचं स्टिकर, सुरळी होऊन.
आणि क्षार, दातांवरच्या किटणासारखा.
टूथपिकनं एकेक मोकळं केलं, अठरा भोकं.
हलवून पाहिला: आत अजून मोहरी,
खुळखुळ्यासारखी.
तीही काढली. पुन्हा वाट्या, पुन्हा सात मिनिटं.
तीन चमचे.

म्हणजे नुसती मोहरी नव्हे.

मागे हात घातला, बोटांनी पाहत गेलो.
रॅकची डावी बाजू एक खाच वर, उजवी खाली.
बोटभरच फरक,
पण तेवढ्यानं नळीचं तोंड तोंडाला लागत नाही,
पाणी भिंतीवर आपटतं आणि खाली घसरतं,
जिथं आधीच भरपूर आहे.
उंच ग्लास बसावेत म्हणून कोणीतरी खटका दाबला असणार,
एकाच बाजूचा, घाईत.
सुगंधा माझ्या हाताकडे बघत होती.

नववीत असताना वडील एकदा सोबत घेऊन गेले.
सात नंबरच्या चारीच्या तोंडात
बारदान कोंबलेलं, गवत भरून.
त्यांनी ते ओढून काढलं, झटकलं,
बांधावर नीट पसरून वाळत घातलं.
त्यावर निळ्या शाईत माझ्या मामाचं नाव होतं.
वहीत लिहिलं: चारी साफ केली. वेळ २.४०.
घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत.
दिवाळीत मामा आले, तेव्हाही नाही.

डावा खटका दाबला. टक्.
तिसऱ्यांदा वाट्या.
वरची पाऊण भरली.
खालचीइतकी नाही भरली, बाई म्हणाल्या.
भरणारही नाही, मी म्हणालो, पण ग्लास धुतले जातील.

नक्की काय झालं होतं? हिनं काही केलं का?
मी तळहात पुढे केला. मोहरी. फोडणीतली.
बाई जरा वेळ मोहरीकडे बघत राहिल्या.
फोडणी तर मीच घालते.

पावतीवर ‘दोष’ हा रकाना असतो.
त्यात लिहिलं: मार्ग साफ केला.
वेळ १२.२०.

लिफ्टपाशी सुगंधा मागून पळत आली,
माझा पेचकस ओट्यावर राहिला होता.
दिला, आणि हळूच विचारलं,
दोन्हीकडचा दाबायचा ना?
दोन्हीकडचा, मी म्हणालो.
एकदम.