खळ

तुर्कूच्या गोदीत, चौथ्या मजल्यावर,
उत्तरेच्या काचांखाली बावीस टेबलं होती.
उतार ज्याच्या त्याच्या सोयीचा.
उंच सालोवारा बोर्डाची जवळजवळ भिंतच करायचा
आणि उभ्यानेच काढायचा.
आउने मात्र आडवा ठेवायची, पोळपाटासारखा,
कारण उतारावर शाई ओघळते
आणि ओघळ काही विचारून येत नाही.

मी नवा होतो. माझं काम पेन्सिली तासणं,
टी-स्क्वेअरच्या कडेवरून बोट फिरवून खाचा शोधणं,
शिशाची बदकं उचलून आणणं.
बदकं म्हणजे वजनं. लाकडाची लवचीक पट्टी
त्यांच्या चोचींनी जागोजाग दाबून धरायची,
मग पट्टी जशी वळेल तशी
बर्फ फोडणाऱ्या जहाजाची कूस उमटायची.
"जबरदस्ती केलीस तर पट्टी खोटं बोलते," आउने म्हणायची.
दिवसभरात तेवढंच.

इंजिनियर पेन्सिलीने काढत.
ती त्यावर कापड ताणायची,
निळसर, खळ दिलेलं, काचेसारखं कडक,
खडूची पूड चोळायची, श्वास धरायची
आणि रेघ ओढायची, एका दमात.
कोपऱ्यातल्या चौकटीत तीन नावं मोठी.
तिची दोनच अक्षरं, तांदळाएवढी.

डिसेंबर होता, तीनलाच दिवे लागलेले.
ती थांबली. नाळेजवळची एक रेघ
कागदावर गव्हाएवढी खाली,
म्हणजे पोलादात वीतभर.
चूक पेन्सिलीची होती. सालोवाराला बोलावलं.
तो बघत राहिला, कान लाल झाले.
कुणी काही बोललं नाही.
तिने दाढीचं पातं घेतलं, आधी काढलेली रेघ खरवडली,
नखाने जागा घासली
आणि दुसरी ओढली.

ते जहाज सव्वीस हिवाळे चाललं.
ती त्यावर एकदाही चढली नाही.

पुढे गोदीच बंद झाली. टेबलं जळाऊ लाकडाच्या भावात,
नकाशे कचऱ्यात.
आउनेने एक गुंडाळी काखोटीला मारली,
घरी नेऊन उकळत्या पाण्यात टाकली.
खळ सुटली, खळीबरोबर शाई,
आणि आतून निघालं तलम, जुन्या धोतरासारखं मऊ कापड.
तिने अभ्रे शिवले. एक मला दिला.

काल तो वाळत घालताना दिसलं:
शिवणीपाशी बोटभर काळी रेघ, किंचित वाकलेली.
पात्याने जिथली खळ काढली होती
तिथे शाई सुतात उतरली होती.

साबण दोनदा लावला.
मग राहू दिलं.