कुमसार

बांगडा स्वस्त झाला की मी पन्नासेक घेते,
पोटं फाडून मीठ भरते,
बरणीत थर लावते. आगोटीला बरे पडतात.

भांडणंही मी तशीच ठेवायची.
तुझ्या बहिणीच्या रोसाला
चारचौघांत मला "गप" म्हणालास ते,
माझ्या बाबांच्या मयताला उशिरा आलास ते,
थरावर थर, वर दगड.
विषय असायचा विजेच्या बिलाचा
आणि मी हात घालायची थेट बरणीच्या तळाला.

तू तेव्हा चपला शोधायचास.
माझं वाक्य अर्ध्यावर, तू वेंगुर्ल्याच्या बंदरावर.
दीपस्तंभ पेटून दोन तास झाले की परत यायचास
आणि भिंतीशी बोलावं तसं फेलूला सांगायचास,
"आईला सांग, वाढ म्हणावं."
"बाबांना सांग, झाकून ठेवलंय."

एकदा तेरा दिवस.
कॅलेंडरवर संतांच्या नावांखाली
मी बारीक फुल्या मारल्या होत्या.
तेर्स मात्र एकाही संध्याकाळी चुकली नाही.
अर्धा नमो मारिया तू म्हणायचास, उरलेला मी.
तेवढंच एक वाक्य
आम्ही मिळून पुरं करत होतो.

नाताळाआधी कुमसाराला गेले.
जाळीपाशी गुडघे टेकले
आणि तुझं सगळं सांगितलं, तारीखवार.
फादर ब्राझ ऐकत राहिले. मग खोकले.
"बाय, ही इनासची पापं झाली.
तो येईल, सांगेल, न सांगेल.
तुझी काय आहेत?"
मला एक आठवेना.
बाहेर रांगेत कुणीतरी बांगड्या वाजवत होतं.
गुडघ्यांना मुंग्या आल्या तेव्हा कुठे एक सापडलं.
ते मी आजवर स्मरणशक्ती समजत होते.

त्याच रात्री पडवीतून तुझा आवाज आला,
"आईला सांग, कालवणात मीठ नाही."
फेलू आत आला. क्षणभर चुलीकडे बघत उभा राहिला.
"बाबा म्हणतात, कालवण बरं झालंय."

सात वर्षांचं पोर.
किती दिवस निरोप असे
धुऊन आणत होतं, कुणास ठाऊक.

मिठाची वाटी मी स्वतः नेली,
तुझ्या ताटाशी ठेवली.
"मला सांग," म्हटलं. "जे काय असेल ते मला."
तू वाटीकडे बघत राहिलास.
बऱ्याच वेळाने म्हणालास, "थोडं कमी होतं."

सगळं बदललं असं नाही.
काल कौलांच्या पैशांवरून पेटलंच.
तू उठलास, चपला घातल्यास,
उंबऱ्यापर्यंत गेलास
आणि तिथेच बसलास, पाठ माझ्याकडे.
"बोल. ऐकतोय."

रोसाची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती,
खारट, मुरलेली, अगदी तयार.
गिळली असं म्हणत नाही.
पण कौलांचंच बोलले,
शेवटपर्यंत.

मध्येच कधीतरी
तू एक चप्पल काढलीस.