दोन मिनिटं अकरा सेकंद

बँडचं नाव आमच्यात एकालाही धड उच्चारता येत नाही,
म्हणून अल्बम कव्हरवरून ओळखायचे:
कावळ्याचा, बर्फाचा,
आणि तो विटक्या लाल दरवाज्याचा,
ज्याच्यापासून सगळं बिघडलं, असं इद्रीस म्हणतो.
इद्रीसच्या मते सगळं नेहमी आधीच बिघडलेलं असतं.

रविवार, रात्रीचे साडेदहा, पांडवलेणीचा पायथा.
मैथिलीच्या जुन्या सॅन्ट्रोची चारही दारं उघडी.
हायवेवरून द्राक्षांचे कंटेनर न्हावाशेव्याकडे,
एकामागे एक, थंडगार.

"कावळ्याचाच," इद्रीस म्हणतो.
"पत्र्याच्या टाकीत कुणी भांडतंय असा आवाज, मान्य.
पण गिटारी ऐक. दोघी
एकमेकींचा हात धरून जिना उतरतात
आणि खाली अंधारात तो गुरगुरतोय."
"गुरगुरत नाहीये," मैथिली म्हणते,
"गळा काढतोय. फक्त खालच्या पट्टीत."
ती बर्फवाली. दहावीला बीजगणित शिकवते,
तिच्याशी वाद घालताना पायऱ्या दाखवाव्या लागतात.

मी लाल दरवाज्याचा, म्हणून मला कुणी विचारत नाही.
त्यात एक गाणं स्वच्छ आवाजात म्हटलंय,
तेवढा एक गुन्हा
मी एकोणीस वर्षं भोगतोय.

मधेच देवळालीकडून तोफांचा सराव,
आधी छातीत, मग कानात.
इद्रीस बोट वर करतो: "हा बघ,
बर्फाच्या ड्रमरपेक्षा टायमिंगला पक्का."

आणि मग निघतंच ते, चौथं गाणं.

कॅनडा कॉर्नरच्या सायबर कॅफेत तीन रात्री उतरवलेलं,
नेहेम्यानं पंधरा रुपयांच्या सीडीवर राईट केलेलं;
त्याच्यावरून आमच्या सीड्या, आमच्यावरून आणखी कुणाच्या.
दोन मिनिटं अकरा सेकंदांवर
गाणं पायरी चुकतं.
एक ठोका नाहीच.
मग सोलो, असा, की पाय खाली टेकायच्या आत
कुणीतरी उचलून घ्यावं.

काय काय नाही केलं आम्ही त्या रिकाम्या जागेचं!
मैथिलीनं वहीत सिद्ध केलं: सातचा ताल, इथे साडेसहा.
इद्रीसनं भद्रकालीतल्या मामाच्या बँडपथकात,
ऐन वरातीत, तो ठोका गाळून वाजवला.
घोडा बावचळला. मामानं दोन महिने झांजा दिल्या हातात.

यंदा अल्बम पुन्हा आला, धुऊनपुसून.
ठोका जागेवर आहे.
होताच. सगळा वेळ होता.
आमची सीडीच तेवढी खरवडलेली.

"मग हाच खरा," मैथिली म्हणते, पण वही न काढता.
"खरा म्हणजे काय?" इद्रीस उखडतो.
"घोडा कशाला बावचळला? खोट्याला?"
मी म्हणतो, लाल दरवाज्यात असलं काही होत नाही.
दोघंही माझ्याकडे बघत नाहीत.

नेहेम्या एवढा वेळ गप्प.
सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये सतरा वर्षं,
डावा कान गेलाय, उजव्यात रातकिडा.
शरणपूरहून स्कूटरवर येतो तरी दर रविवारी,
शेंगदाणे सोलतो, टरफलं खिशात ठेवतो.
"तू सांग," इद्रीस त्याच्या उजव्या बाजूला जाऊन ओरडतो,
"कुठला?"

तो उठतो, पँटला हात पुसतो,
दाराच्या पत्र्यावर, स्पीकर असतो तिथे, पंजा टेकवतो.
मैथिली चौथं गाणं लावते. नवं, धुतलेलं.

एक मिनिट. दीड.
कंटेनर जातो, पत्रा वेगळा थरथरतो, तो थांबतो,
पुन्हा धरतो.
दोन. दोन पाच.
इद्रीस घड्याळाकडे, मी त्याच्या बोटांकडे.

दोन अकराला तो हात उचलतो.
ठोका पडतो, आम्हा तिघांना ऐकू येतो.
मग तो हात परत ठेवतो, सोलोच्या नेमका आधी,

आणि विचारतो, "शेंगदाणे संपले का?"