खांब एक्केचाळीस

तहसीलच्या मागच्या खोलीत नकाशा पसरला.
पंख्यानं एक कोपरा सारखा उडायचा,
त्यावर माझी पक्कड ठेवली.

कंपनीचे साहेब म्हणाले, चारीच्या अलीकडचं सगळं आमचं.
उपसा संस्थेचे सोनेराव म्हणाले, लाभक्षेत्र आमचं,
आमचं पाणी जिथवर, तिथवर आमची वीज.
पाटबंधाऱ्याच्या कारकुनानं लाल पेन्सिलीला टोक काढलं
आणि चारी सातवरून रेघ ओढली.
रेघ सरळ आली.
चारी कधीच सरळ नव्हती.

मी दस्तगीर. वायरमन. मानवत तालुका, बोरगव्हाण बीट, एकोणीस वर्षं.
मला खांब नंबरानं येत नाहीत.
एक मोहोळाचा. एक वाकडा.
एकाच्या ताणाला शेषाबाईची म्हैस बांधलेली,
शंभरदा सांगितलं, सोडत नाही.

रेघ शेषाबाईच्या अंगणातून गेली.
चूल कंपनीकडं, गोठा संस्थेकडं.
ती म्हणाली,
मपलं कोणतं अन् त्याहिचं कोणतं
हे म्हशीला कोणी सांगावं?
साहेब हसले.
इतिवृत्तात आलं: ग्रामस्थांची हरकत नाही.

एक्केचाळीस मात्र चारीतच उभा,
अंगावर डीपी घेऊन.
आधी तो दोघांनाही पाहिजे होता.
मग थकबाकीची यादी निघाली
आणि तो जागचा न हलता
इकडून तिकडं सरकू लागला.

चैत्रात एका रात्री वावधान सुटलं, जंपर गेला.
मी दोन्हीकडं फोन लावला.
दोघंही म्हणाले, आमच्याकडं येत नाही तो.
येत नाही तर नाही;
पण त्याच्यावर तारा दोघांच्याही,
आणि मरायला एक पुरते.
म्हणून दोन परमिट घेतली, दोन वेगळ्या वह्यांतली,
दोन्हीकडं साखळी टाकली अर्थिंगची,
मग चढलो.

जंपर बसला. उतरलो. साखळ्या काढल्या.
भरावावर उभं राहून कंपनीच्या ऑपरेटरला म्हणलं, सोड.
अलीकडचं गाव लागलं.
संस्थेचा ऑपरेटर फोन उचलीना,
झोपला असेल, नवं पोरगं.

अकरा मिनिटं
मला ती रेघ दिसत होती.
पेन्सिलीची, तितकीच सरळ:
इकडं टीव्हीचे आवाज,
तिकडं नुसतं वारं आणि कुत्री.

तेवढ्यात शेषाबाईच्या चुलीवरला बल्ब हलला.
वायर लांबवत तिनं तो अंगण ओलांडून नेला,
गोठ्याच्या मेढीला अडकवला.
म्हैस व्याली होती.

एका हद्दीतली वीज दुसरीत वापरणं, हा गुन्हा आहे.
कोणत्या हद्दीतला, ते अजून ठरायचंय.
मी पक्कड पुसत बसलो,
भरावाकडं तोंड करून.