वीस आणून देणाऱ्यास

त्या हिवाळ्यात हॅथर्सवेलमध्ये कुणाकडेच सुट्टे नव्हते.
राजाची चांदी लढाईवर गेली, म्हणायचे लोक,
जणू चांदीलाही बूट असतात.
डॉर्कस ॲम्ब्लर पाव विकायची
आणि भट्टीशेजारच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची.
विणकर ट्विसलटन, सात.
खाटीक, चार.
पाद्रीबाईंच्या रेघा ती मोजायची नाही,
नुसती ओढायची.

मार्चमध्ये पेनक आणि मुलगा यांच्या पेढीने
स्वतःचीच नाणी पाडली.
एका अंगाला मेंढी, दुसऱ्या अंगाला 'एक शिलिंग',
आणि कडेने मुंगीएवढी अक्षरं.
डॉर्कसने दाताखाली धरून पाहिलं, ओट्यावर आपटलं.
वाजलं.
राजाच्यापेक्षा जरा घोगरं, पडसं झाल्यासारखं,
पण वाजलं.
ओल्या फडक्याने तिने ट्विसलटन पुसला.
मेंढीचं नाक थेट पेनकच्या नाकासारखं
म्हणून गाव महिनाभर हसलं,
आणि हसत हसत उसनवारी फिटत गेली.

कडेची अक्षरं वाचली शेजारच्या जेबेझने, वय वर्षं नऊ:
'अशी वीस आणून देणाऱ्यास
पेढी एक पौंडाची नोट देईल.'
वीस, एकदम?
एकदम.
तिच्या डब्यात तेव्हा अकरा होती.
मग चौदा. मग पीठ आलं, सहा.
एकदा एकोणीस झाली,
त्याच संध्याकाळी दाराशी सरपणाची गाडी.
हातावर पोट असणाऱ्याची
विसावी मेंढी कळपात येत नाही.

पुढे लंडनहून हुकूम आला, खाजगी चांदी बंद.
पेढीच्या दारावर कागद: शनिवार दुपारपर्यंत.
डॉर्कसची अकरा, ट्विसलटनची चार,
खाटकाची तीन,
आणि पाद्रीबाई स्वतः चालत आल्या,
हातमोज्यात दोन घेऊन.
पेनकच्या मुलाने वीसही आपटून पाहिली,
स्वतःचीच,
आणि खिडकीतून नोट सरकवली.

चौघं रस्त्यावर उभी.
नोट एक, मालक चार,
वाऱ्यात फडफडतेय.
खाटकाने विचारलं, मोडून कोण देणार?
मिठाच्या दुकानात विचारलं, सराईत विचारलं,
घाटावरच्या नावाड्यालाही विचारलं.
सुट्टे नाहीत.

डॉर्कसने नोट पिठाच्या पिंपाखाली ठेवली
आणि कोळसा उचलला.
या वेळी स्वतःच्या नावावर:
ट्विसलटनच्या चार, खाटकाच्या तीन.
पाद्रीबाईंच्या दोन ओढायला हात गेला,
मग तिने त्यांच्या जुन्या रेघा मोजल्या,
पहिल्यांदाच.