नमुना

मिरजेत रक्त तपासायला लांबून लांबून माणसं येतात.
तस्नीम मुजावर मात्र सुट्टीच्या सकाळी
गणेश तलावाच्या पायरीवर बसून
सलाईनच्या रिकाम्या बाटलीत गाळ भरते.
काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा.

मासे पहाटेच उलटे झालेत.
वर शेवाळाची हिरवी साय,
खाली श्वास नावालाही नाही.

लॅबमध्ये, भिंगाखाली, एक अळी.
लालबुंद, बोटाच्या पेरापेक्षा आखूड.
रक्तात पेशी नाहीत, नुसताच लाल रंग
अंगभर विरघळलेला,
हाती लागलेला प्राणवायू
शेवटपर्यंत न सोडणारा.
चिखलाच्या, स्वतःच विणलेल्या नळीत
ती वळवळते, थांबते, वळवळते,
पाणी आत ओढते.
त्यातलाही वायू संपला की
साठवलेली साखर हवेविना आंबवत
पडून राहते.

तस्नीम सवयीने रजिस्टर उघडते.
नाव: नाही.
वय: तीन काती.
हिमोग्लोबिन:
इथं पेन अडतं.
काल आठ नंबरच्या खाटेवरच्या बाईंचं
चार पूर्णांक दोन होतं
आणि त्या विचारत होत्या,
घरी कधी सोडणार?

संध्याकाळी बाटली
ती तलावात परत ओतते, हळू,
आणि गाळ गाळावर बसेपर्यंत
पायरीवरून उठत नाही.