कडा

चाळीस मेंढ्या आहेत. फायबरबोर्डच्या.
शनिवारी चॅपलमागच्या हॉलमध्ये विकायच्या,
तीन पौंडाला एक. छप्पर गळतंय, त्यासाठी.
फिशगार्डचा वारा शेडच्या फटीतून आत येतो
आणि आयर्वेन खिडकीत जुना टॉवेल कोंबते:
ओल्या रंगावर धूळ बसली
की मेंढीला देवी येतात.

या लाकडाला वय नाही, ती सांगते.
ना गाठ, ना वर्तुळं; भुसा नि डिंक, दाबून सपाट केलेला.
पाठ-पोट गुळगुळीत, तिथं रंग शहाण्यासारखा बसतो.
गोची कडांची.
कापलेली कड पिते.
पहिला हात पिते, दुसरा पिते,
आणि वर कोरड्या तोंडानं बघत राहते.
‘आमच्या गेथिनसारखी,’ असं ती पूर्वी म्हणायची.

आता म्हणत नाही.
भाऊ समोरच बसलेला असतो, तोंडाला मास्क,
कान, शेपटी, चार आखूड पाय,
एकेक कड बारीक काचकागदानं घासत.

कडांना आधी गोंद, अर्धं पाणी घालून.
वाळू दे. मग बोट फिरव, खरखर लागेल:
तंतू उठलेत. ओलं झालं की उठतातच,
चिडायचं नाही.
घास. पूस. पुन्हा गोंद.
मग प्रायमर, पातळ; एका दमात जाड थापला
तर ओघळ येतो, आणि ओघळ दिव्याखाली दिसतोच.
ब्रश नको, फोमचा रोलर घे.

‘किती वेळा?’ मी विचारलं.
‘पिणं थांबेपर्यंत,’ गेथिन म्हणाला.

काचकागद थांबला.
मग आयर्वेन हसली, इतकी हसली
की रोलर हातातून सुटला,
एकोणिसाव्या मेंढीच्या ओल्या पोटावर उताणा पडला,
आणि तो मास्कमधून शिंकत, हसत,
टेबलाला धरून राहिला.

वर व्हार्निशचे दोन हात.
तासाभरात बोटाला कोरडं लागतं,
पण सुकणं वेगळं, मुरणं वेगळं.
गिऱ्हाइकांना सांगायचं: महिनाभर
नख लावू नका, एकीवर एक ठेवू नका.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत.
कुणाच्या, ते कुणी सांगितलं नाही.
चहाचं पाणी उकळेपर्यंत मी मोजल्या: चौदा महिने,
आणि वर सहा दिवस.

गेथिननं एकोणिसावी उचलली,
रोलरचा वण उजेडात तिरपा धरला,
नवा कागद फाडला.